उताणी वाघाटी

भुताखेतांचे किस्से मी चवीने वाचते, पण विश्वास म्हणाल तर अजिबात नाही. माझा धंदाच मेलेल्या प्राण्यांचा आहे. रस्त्यावर गाडीखाली आलेला प्राणी उचलून आणायचा, सोलायचा, कातडीत कापूस भरायचा, कवटी साफ करायची आणि संग्रहात ठेवायचा. आजवर इतके मुडदे हाताळलेत की त्यातला एखादा उठून बसणारा असता, तर ते सगळ्यात आधी मला कळलं असतं. तेव्हा "भास झाला असेल", "झोप झाली नसेल" असलं काही खाली कमेंटमध्ये लिहायच्या आधी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचा.

साधारण २०१५ च्या सुमाराची गोष्ट. मी सिंगापूरला एका युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करत होते. राहायला क्वीन्सटाउनला, जुन्या ब्लॉकमधला भाड्याचा फ्लॅट. नवरा, मंदार, आंग मो किओला सॉफ्टवेअरमध्ये. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं की मिसेस काय करतात, तर मंदार सांगायचा, "बायोलॉजीत आहे." आणि विषय बदलायचा. त्याचंही बरोबर होतं म्हणा. एकदा लॅब बंद होती म्हणून मी एक मेलेली खार नीट गुंडाळून घरच्या फ्रीझरमध्ये ठेवली होती, खोवलेल्या नारळाच्या शेजारी. नारळ समजून त्याने ती उघडली. पुढचा आठवडाभर साहेब हॉकर सेंटरमध्ये जेवत होते.

ही विद्या माझ्याकडे आली ती नानांकडून, म्हणजे आईच्या वडिलांकडून. नाना चंद्रपूरचे. शिकारबंदी येण्याआधीच्या काळातले परमिटवाले शिकारी. वाघ, बिबटे, गवे – सगळं मारलेलं. पण माझा जन्म व्हायच्या कितीतरी आधी बंदूक सुटली होती. कायदा आला म्हणून सुटली असं मी धरून चालले होते. बंदूक सुटली तरी हात शिवशिवत असावेत, कारण हायवेवर ट्रकखाली आलेले ससे, मुंगसं, उदमांजरं नाना सायकलवरून घरी आणायचे आणि पेंढा भरून ठेवायचे. डोळ्यांच्या जागी काचेच्या गोट्या. एक ससा तर कायम एकदम दोन दिशांना बघायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुण्याहून जायची आणि नानांच्या शेजारी फतकल मारून हे सगळं बघत बसायची. बाकीच्या मुली म्हणे भातुकली खेळायच्या.

नानांची एक पद्धत होती. प्राणी कुठलाही असो, आधी उताणा करायचा. चारी पाय फाकवायचे. शेपटी लांब असेल तर वर वळवून त्याच्याच डाव्या बगलेत खोचायची. मग पोटावर तळवा ठेवायचा आणि थोडा वेळ तसंच बसायचं. "आधी पोट पाहायचं, मग सुरी काढायची," एवढंच म्हणायचे. का, ते कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. शेपटी सुरीखाली येऊ नये म्हणून असेल, असं मला वाटायचं. मी कॉलेजात असताना नाना गेले.

आमच्या लॅबची पद्धत नेमकी उलटी. सिंगापूरच्या उकाड्यात मेलेला प्राणी दुपारपर्यंत फुगायला लागतो, त्यामुळे तपासत बसायला वेळच नसतो. सापडला की पिशवीत, पिशवीला केबल टाय, टायला टॅग, आणि रवानगी चेस्ट फ्रीझरमध्ये. नर की मादी, वजन किती, पोटात काय, हे सगळं त्याचा नंबर लागेल तेव्हा. नंबर कधीकधी सहा-सहा महिने लागायचा नाही. जगभर थोड्याफार फरकाने असंच चालतं, आणि मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं.

एके दिवशी सकाळी लॅबमध्ये एका सायकलवाल्याचा फोन आला. लिम चू कांगच्या बाजूला, शेतं आणि मिलिटरीच्या हद्दीमधून जाणारा जो रस्ता आहे, तिथे कडेला एक ठिपक्यांची मांजर मरून पडली आहे. जुरोंग ईस्टपर्यंत MRT, म्हणजे मेट्रो, तिथून टॅक्सी करून गेले. बघते तर वाघाटी! घरच्या मांजरीएवढीच, पण अंगभर बिबट्यासारखे ठिपके. सिंगापुरात हा प्राणी जिवंत दिसणं सोडाच, मेलेलाही क्वचित मिळतो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. कुशीवर पडली होती, मागचा अर्धा भाग चिखलाने लडबडलेला. मी तिला तशीच पिशवीत घातली. टॅक्सीवाल्या काकांनी "मिस, इनसाइड व्हॉट?" विचारलं. "सॅम्पल, अंकल," म्हटलं. त्यांनी चारही काचा खाली केल्या.

लॅबमध्ये सिउ लिंग होती. पीएचडी करणारी मुलगी, माझ्यापेक्षाही नास्तिक. फ्रीझर गच्च भरलेला, तेव्हा दोघींनी मिळून जागा केली. वाघाटीला कुशीवर ठेवलं, वरून घोरपडीची जड पिशवी ठेवली, मोबाइलवर नेहमीसारखा फोटो काढला आणि कुलूप लावलं. एक किल्ली माझ्या गळ्यातल्या पासला, दुसरी प्रोफेसरांकडे, आणि प्रोफेसर तेव्हा परदेशात कॉन्फरन्सला गेलेले. एवढ्या तपशिलात सांगतेय, कारण पुढे हेच प्रश्न येणार आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी घुशींचे नमुने काढायला मी फ्रीझर उघडला.

घोरपड बाजूला सरकून भिंतीला टेकली होती. आणि वाघाटी उताणी होती. पिशवी तिच्याभोवती ताणलेली, चारी पाय फाकलेले, पोट वर, आणि शेपटी वर वळवून डाव्या बगलेत खोचलेली.

मी हाक मारली तशी सिउ लिंग आली. तिने आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "यू पुट लाइक दॅट, मेह?"

"नो."

"देन हू?"

पिशवी बाहेर काढली. केबल टाय जसाच्या तसा. तो एकदा ओढला की कापल्याशिवाय सुटत नाही. टॅगवर माझंच अक्षर. प्राणी लाकडासारखा कडक, बोटाने वाजवला तर टकटक वाजत होता. आता जाणकार म्हणतील की मेल्यावर आखडलेलं शरीर काही तासांनी सैल पडतं. हो, पडतं. मला शिकवू नका. पण सैल पडलेलं शरीर स्वतःच्या वजनाने खाली बसतं. वरची घोरपड बाजूला सारून पाय वर करत नाही, आणि शेपटी तर नाहीच नाही खोचत.

तरीही सांगते, मला भीती वाटली नाही. वाटायला हवी होती बहुतेक. पण लहानपणापासून ते दृश्य इतक्या वेळा पाहिलं होतं की हात आपोआप पुढे गेला. टाय कापला, पिशवी उघडली आणि ग्लोव्ह घातलेला तळवा तिच्या पोटावर ठेवला.

बोटांना गाठी लागल्या. चिखल पुसला. आचळं टरारलेली, त्यांच्या भोवतीचे केस चोखून-चोखून झिजलेले, आणि एका आचळावर दुधाचा थेंब गोठलेला होता. हिला अंगावर पिणारं पिल्लू होतं. आणि ते काल सकाळपासून उपाशी होतं.

"सिउ लिंग, चल," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, पण तिला कळलं.

टॅक्सीत बसलो तेव्हा पश्चिमेकडे आभाळ काळं झालं होतं. सिंगापूरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. रस्त्याकडेचे ते सिमेंटचे नाले एरवी कोरडेठाक असतात, आणि एक जोरदार सर आली की बघता बघता तुडुंब भरतात. वाघाटीची मादी पिल्लू ठेवते ते अशाच आडोशाला – झुडपात, ओंडक्याखाली, नाहीतर पाइपात. रस्त्याच्या एका बाजूला मिलिटरीचं कुंपण होतं, दुसऱ्या बाजूला नाला. मी नाल्यात उतरले. सिउ लिंग वरून गवत चाचपत होती आणि दर थोड्या वेळाने आभाळाकडे बघत होती.

"रेन कमिंग ऑलरेडी. कम अप, लाह."

"थोडं थांब."

नाल्याच्या भिंतीत पाणी सोडायचे पाइप होते. मी एकेकात हात घालत पुढे चालले होते. आधी गाळ, मग बेडूक, मग एक चपटी झालेली बाटली. पावसाचे थेंब पडायला लागले. सिउ लिंग आता ओरडायलाच लागली होती, आणि खरं सांगायचं तर मीही मनात म्हटलं की हा शेवटचा पाइप, मग वर जायचं. त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि काहीतरी कचकन चावलं. ग्लोव्हच्या आरपार दात गेले. आयुष्यात मला कुठल्याच चाव्याने इतका आनंद झाला नाही.

एकच पिल्लू होतं. मुठीएवढं, डोळे नुकते उघडलेले, अंगात त्राण नाही पण फिस्कारायची हौस दांडगी. टीशर्टात गुंडाळून वर आणलं. आम्ही टॅक्सीत बसेपर्यंत पाऊस कोसळायला लागला होता, आणि गाडी वळली तेव्हा मी मागे पाहिलं तर तो पाइप पाण्याखाली गेला होता. पिल्लाला आम्ही प्राण्यांच्या रेस्क्यू सेंटरवर पोचवलं. त्या लोकांनी बाटलीने दूध पाजून वाढवलं आणि काही महिन्यांनी जंगलात सोडलं.

संध्याकाळी मंदारने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "शलाका, घाईत तूच तशी ठेवली असशील. नानांची सवय हातात बसलीये तुझ्या." चांगलं स्पष्टीकरण आहे. मलाही आवडलं असतं. मी त्याच्यापुढे मोबाइल धरला. फोटोत वाघाटी कुशीवर, शेपटी मागे सरळ, वर घोरपड. त्याने फोटो मोठा करून पाहिला, परत लहान करून पाहिला, आणि "चहा टाकतो," म्हणून उठला.

मग मी आईला पुण्याला फोन लावला. आईसमोर मी नानांचं नावसुद्धा काढलं नव्हतं. फक्त एवढंच म्हटलं, की फ्रीझरमध्ये कुशीवर ठेवलेली मांजर सकाळी उताणी सापडली आणि त्यामुळे पिल्लू वाचलं.

आईने विचारलं, "शेपटी कुठे होती?"

माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा, फ्रीझरपाशी नाही. "डाव्या बगलेत," मी म्हटलं.

"तुला माहीत नाही ना... नानांनी बंदूक का सोडली ते."

"बंदी आली म्हणून."

"नाही गं. बंदी नंतर आली. त्याच्या आधी परमिटावर एक वाघीण मारली होती त्यांनी. बैलगाडीत घालून गावात आणली, मिरवली, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सोलायला बसले तर सुरीला दूध लागलं. तसेच उठले आणि जंगलात गेले. शिकारीत रान उठवणारी माणसं बरोबर घेतली, नाला न् नाला धुंडाळला. पिल्लं सापडली शेवटी, पण गेलेली होती. मी लहान होते. नाना परत आले, त्यानंतर बंदुकीला हात लावला नाही त्यांनी. तेव्हापासून कुठलंही जनावर असो, आधी उताणं करायचे."

लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसून इतकी बडबड करायची, आणि एकदाही विचारलं नाही की तळवा ठेवून तुम्ही कशाची वाट बघता. फार वाईट वाटलं मला.

आता स्पष्टीकरण. ते माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आज इतक्या वर्षांनीही नाही. कुलूप, किल्ली, टाय, फोटो... सगळं शंभर वेळा तपासून झालंय. भुतांवर माझा आजही विश्वास नाही. लॅबची पद्धत मात्र मी बदलायला लावली. आता पिशवीत घालण्याआधी प्रत्येक प्राणी उताणा होतो आणि त्याच्या पोटावरून हात फिरतो. सिउ लिंग त्याला "नाना चेक" म्हणते, आणि नव्या मुलांना शिकवताना शेपटी बगलेत खोचायलाही सांगते. त्याची खरं तर काही गरज नाही.

त्या दिवशी फोन ठेवताना आई रडत होती. म्हणाली, "तेव्हा उशीर झाला होता गं त्यांना. या वेळी वेळेवर पोचले."

वास्तविक पोचले होते मी. नाल्यात उतरले मी, चावा खाल्ला मी. एरवी मी हे ठणकावून सांगितलं असतं. त्या दिवशी मी फक्त "हो" म्हटलं.