पावलांनी मोजलेलं घर

सुलतानाबाई धानोऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. राहायच्या गडचिरोलीत, भाड्याच्या घरात, आणि रोज एस.टी.नं जाऊन येऊन ड्युटी करायच्या. १९९८ साली त्या माझ्याकडे आल्या. तेव्हा मी घरांचे नकाशे काढून द्यायचो. लोक यायचे ते हॉल केवढा, कमान कुठं, हे सांगत. या बाई खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मले उंबरठा नसलेलं घर पाह्यजे."

त्यांचे मालक बाबूभाई बसस्टँडजवळ घड्याळं दुरुस्त करायचे. काचबिंदूनं दोन वर्षांत त्यांचे दोन्ही डोळे गेले. भाड्याच्या घरात तीन पायऱ्या, अंगण आणि अंगणापल्याड संडास. दोनदा पडल्यावर त्यांनी खाटेवरून उठणंच सोडलं.

"मी ड्युटीवर गेली का हे दिवसभर पानीच पेत नाईत," बाई म्हणाल्या. "पानी पेलं तर संडासले जा लागन, म्हनून."

मी नकाशा काढला. एक सरळ लांब पडवी, सगळ्या खोल्या उजव्या हाताला, शेवटी संडास. कुठंही पायरी नाही, सगळी दारं खोल्यांच्या आत उघडणारी, पडवीत आडवं येणारं एकही दार नाही. बाईंनी तो नकाशा घरी नेऊन बाबूभाईंचं बोट धरून एकेका रेघेवरून फिरवत त्यांना समजावला.

प्लॉट धानोरा रोडवरच्या नव्या ले-आऊटमध्ये होता, ले-आऊट पाडणाऱ्या वामनरावांकडून घेतलेला. पाया खोदण्याआधी सरकारी मोजणी करून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगायचो. कोणी ऐकत नसे. बाईंनी ऐकलं. मोजणीत निघालं की प्लॉटचा मागचा तिसरा हिस्सा सरकारी दप्तरी झुडपी जंगल आहे. जागेवर पळसाची चार खुरटी झुडपं आणि तरोट्याचं तण होतं, बाकी काही नाही. पण नोंद ती नोंद. कायद्यानं ती वनजमीन, तिच्यावर घर बांधायचं तर परवानगी पार दिल्लीहून आणावी लागते. आमच्या नकाशातली शेवटची पाच पावलं, संडासासकट, नेमकी तिथं जात होती.

वामनराव हसले. "बाई, सगळेच बांधून राह्यले. कोन पाह्यते?"

खरंच, शेजारच्या चार घरांचे पाये मागच्या हद्दीपर्यंत गेलेले होते. आणि लाज वाटते सांगायला, पण मीही म्हणालो, "दहा-पंधरा वर्षं कोणी विचारणार नाही बाई."

बाईंनी नकाशातल्या त्या शेवटच्या पाच पावलांवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "भाऊ, डोळे असनाऱ्याची भिंत पडली तर तो दुसरी बांधते. ह्याईले घर पाठ करायले वरीस लागन. पाठ झालेलं घर कोनी येऊन पाडलं, तर मी त्याईले दुसऱ्या खेपेस आंधळं केल्यासारखं होईन."

मी नकाशा गुंडाळला. वामनराव प्लॉट परत घेईनात. म्हणजे आहे त्या जागेतच घर बसवायचं होतं आणि पडवीला वळण द्यावंच लागणार होतं. वळणावर बाबूभाई गोंधळतील ही मला काळजी. बाई म्हणाल्या, "कागदावर नोका काढू आता. जमिनीवर काढा."

एका रविवारी आम्ही प्लॉटवर जमलो. बाईंच्या दवाखान्यात सोमारी नावाची आया होती, धानोऱ्यापलीकडच्या जंगलातल्या गावची. तिनं बांबूच्या खुंट्या आणल्या होत्या. त्या ठोकून आम्ही कमरेइतक्या उंचीवर दोऱ्या बांधल्या आणि पुरं घर जमिनीवर उभं केलं. बाबूभाई रिक्षातून उतरले. बाईंनी त्यांचा हात दोरीवर ठेवला आणि सोडून दिला.

ते निघाले. आधी पाय घासत, मग उचलून. वळणापाशी थांबले. तोंड डावीकडे फिरवलं.

"इकडून वारा येऊन राह्यला. इकडं मोकळं आहे का?"

"हो," मी म्हणालो. "तिकडं झुडपी जंगल. तिथं कोणाला बांधता येत नाही."

"मंग इथी भिंत नोका करू. जाळी ठेवा. गालाले वारा लागला का मी वळीन."

इतकी वर्षं नकाशे काढत होतो, पण ही गोष्ट मला सुचली नसती. दुपार होईस्तोवर ते चालत राहिले. संडासाबाहेर खरबरीत फरशी मागितली, स्वयंपाकघराचं दार दोन पावलं अलीकडे घ्यायला लावलं. बाई मुरमाच्या ढिगावर बसून पाहत होत्या. सोमारीला म्हणाल्या, "दोन वर्षांत पह्यल्यांदा हे माह्या हाताबिगर चालले."

२००० साली घर झालं. दोन खोल्यांचं, वाकडं, ले-आऊटमध्ये सगळ्यांत लहान. बाई ड्युटीवर जात आणि बाबूभाई घरभर हिंडत, स्वतःचा चहा स्वतः करत.

२००४ मध्ये सरकारी मोजणी पुन्हा आली. शेजारच्या चारही घरांना नोटिसा लागल्या आणि मागची बांधकामं पाडली गेली. बाईंच्या मागच्या भिंतीला टेप लावला तेव्हा मी तिथं होतो. भिंत हद्दीच्या हातभर आत भरली. बाईंनी त्याबद्दल कोणाजवळ एक शब्द काढला नाही. शेजारच्या गुणाबाईंचं स्वयंपाकघर गेलं होतं. त्यांना बाई म्हणाल्या, "चूल इथी मांडा." महिनाभर गुणाबाईंचा स्वयंपाक सुलतानाबाईंच्या पडवीत झाला.

त्या दिवसांतली गोष्ट गुणाबाई अजून सांगतात. भाजी फोडणीला टाकली आणि बाईंच्या स्वयंपाकघरात हळदीचा डबा सापडेना. फळ्या पाहिल्या, ओट्याखाली पाहिलं. बाबूभाई आले, कुठंही न चाचपता डबा उचलून त्यांच्या हातात दिला आणि परत गेले.

"माह्या सोताच्या घरात मले इतकं सापडत नोहोतं, भाऊ," गुणाबाई म्हणतात, आणि हसतात.