मंजिरीचा पुजारी

फोन कॉर्कहून आला तेव्हा मी इकडे आयर्लंडमध्येच, टॅलाला लेकाकडे मेथी निवडत बसले होते. "आई, आपली मंजिरी गेली," एवढंच बोलून लेक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मंजिरी माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक. तिकडे विद्यापीठात जुनं ग्रीक शिकायची. झोपली ती उठलीच नाही... आजार ना काही.

तिचा विषय तिनेच मला समजावला होता, माझ्या पोळ्या करपवत. फार प्राचीन काळी एका ग्रीकाने पूर्वेकडच्या देवांच्या कथा लिहिल्या आणि वर म्हणाला, यातलं माझं काही नाही, तिकडच्या एका पुरातन पुजाऱ्याने लिहून ठेवलंय, मी नुसतं भाषांतर केलं. आता त्या पुजाऱ्याची मूळ पोथी कुणी म्हणजे कुणी पाहिलेली नाही! पुजारी खरा, की या पठ्ठ्याने रचलेला? विद्वान अजून भांडतायत म्हणे.

श्रावणात ती आमच्याकडे आली होती. मी तिच्या नि नातीच्या हातात अक्षता देऊन शुक्रवारची कहाणी सांगत होते, तर मंजिरीने टोकलंच. "मावशी, मागच्या वर्षी या बाईला सून नव्हती हं!"

"असेल. माझ्या आईची कहाणी आहे ती, मी नुसती सांगते."

"अगं, माझा ग्रीक अगदी हेच म्हणतो!" अशी हसत सुटली, की हातातल्या अक्षता सांडल्या.

नात म्हणाली, "सो आजी मेड इट अप?"

"गप गं. आजी इज ग्रँड," मंजिरीने तिला इकडच्या बोलीत दटावलं.

गेल्या महिन्यात कॉर्कला तिच्यासाठी सगळे जमले. मीही बोलले, लेक इंग्रजीत सांगत गेला. म्हटलं, पुजारी खराच होता अशी मंजिरीची खात्री होती, मला स्वतः म्हणाली होती. नंतर तिच्यासोबत शिकणारी एक आयरिश मुलगी माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाली, लेकाने मराठीत सांगितलं, "नाही हो, ती तर म्हणायची, पुजारी रचलेलाच." आता विचारायचं कुणाला? तेव्हापासून तिचं एकेक वाक्य आठवायला बसते, तर कानात आवाज माझाच येतो...

पुण्याहून बहीण रोज फोन करते. "ताई, अजून सांग ना, काय काय बोलायची गं?" मी सांगते. आठवतं तेवढं केव्हाच सांगून संपलं, तरी सांगते. काल सांगितलं ते मंजिरी कधी बोललीच नव्हती. बहीण पलीकडे रडत रडत म्हणाली, "अगदी तिचंच बोलणं गं, हुबेहूब."