त्याच्या पायाचं बोट

मी स्टाफ नर्स आहे, नोकरीला अठरा वर्षं झाली. बाळंतिणीच्या उशाखालचे लिंबू आणि चाकू मी स्वतःच्या हातानं काढून नातेवाइकांना परत दिलेत, वर लेक्चरही दिलंय. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण जे झालं ते झालं.

कोविडची दुसरी लाट. हिंगोली जिल्ह्यातलं एक सरकारी रुग्णालय, नाव सांगत नाही. पॉझिटिव्ह बायकांचा वॉर्ड मागच्या जुन्या इमारतीत होता आणि नवजात बाळांचा कक्ष पुढच्या नव्या इमारतीत. मध्ये मोठं पटांगण. इकडच्या माणसानं तिकडे जायचं नाही, तिकडच्यानं इकडे यायचं नाही. बोलणं फक्त लँडलाइनवर.

सविता पुसेगावकडची. नववा महिना, ताप आणि दम घेऊन आली. सिझर झालं, मुलगा झाला. बाळ लगेच तिकडे नेलं. तिनं त्याचं रडणं ऐकलं फक्त, तोंड पाहिलं नाही.

पहिल्या दिवशी बीपी घ्यायला मी हात धरला, तर ती अंग चोरून भिंतीला चिकटली. पीपीई किटमध्ये आम्ही सगळ्याच सारख्या दिसायचो, बिचारीला कळणार तरी काय? मग मी किटवर मार्करनं माझं नाव लिहिलं. हात लावायच्या आधी दर वेळी विचारायचे, "सविता, मी आहे. बीपी बघू का?" ती मान हलवायची, मगच.

तिसऱ्या दिवशी ती आपणहून बोलली.

"पयल्या खेपेला दुसऱ्या दवाखान्यात व्हते. पोटात लेकरू हलून न्हाई राहिलं म्हनलं, तर म्हनले नाटकं करू नको. हात दाबून धरले माझे." मग म्हणाली, "मेलेलंच निघालं."

मी म्हटलं, "इथं जे वाटेल ते मला सांगायचं. मी ऐकेन."

बोलायला काय जातं...

पाचवा दिवस, दुपारचे अडीच. किटच्या आत घामाच्या धारा. सवितानं ऑक्सिजनचा मास्क ओढून काढला आणि मला हाक मारली.

"सिस्टर, पायाचं बोट कुनीतरी आवळून राहिलं."

"कुठलं?"

"डाव्या पायाचं. मधलं."

मी चादर वर केली, विचारून बोट चाचपलं. काहीच नव्हतं.

"माझं न्हाई वो," ती म्हणाली. "त्याचं. लेकराचं."

ताप होता, ऑक्सिजन एक्याण्णव. राउंडवरचे डॉक्टर म्हणाले, "ऑक्सिजन कमी पडतोय, बडबडणारच. मास्क नीट लावा." मी लावला. ती ओरडली नाही, रडली नाही. मास्कच्या आतून हळूच म्हणाली, "तुमी ऐकेन म्हनल्या व्हत्या."

खरं सांगते, तरीही मी आधी दुसऱ्या दोघींच्या सलाइन बदलल्या. दहा मिनिटं तरी गेली असतील. मग फोन उचलला.

तिकडे माझी मैत्रीण ड्युटीवर होती. "अगं, आत्ताच दूध पाजलंय. किरकिर करतंय जरा, पण इथं सगळीच करतात."

"कपडे काढून डावा पाय बघ."

"काहून?"

"बघ ना बाई!"

तिनं रिसीव्हर टेबलावर ठेवला. मला बाळांचं रडणं ऐकू येत होतं. मग एकदम, "डॉक्टर!" आणि पळणारी पावलं.

ती परत फोनवर आली तेव्हा आवाज पार बदलला होता. मोज्याच्या आतला सुटा धागा बाळाच्या मधल्या बोटाला वेढे घालून मांसात रुतला होता. बोट जांभळं पडलं होतं. कात्रीनं कसाबसा कापला. "अजून उशीर झाला असता तर बोट गेलं असतं," ती म्हणाली. मग विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

मी फोन ठेवला आणि सविताजवळ गेले. "धागा होता. काढला. बोट चांगलं आहे."

तिनं डोळे मिटले आणि झोपली. पाच दिवसांत पहिल्यांदा अशी गाढ.

डॉक्टर म्हणाले योगायोग. असेलही. पण ते मोजे त्याच दिवशी सकाळी आंघोळीनंतर घातलेले. तिचा नवरा गेटबाहेर बसून, त्यानंही बाळ पाहिलेलं नव्हतं. मलासुद्धा मोज्यांची कल्पना नव्हती. आणि नेमका डावा पाय, नेमकं मधलं बोट?

ती बरी होऊन घरी निघाली, तेव्हा मी तिला विचारलंच. बाळ तिच्या मांडीवर होतं. म्हणाली, "कळत व्हतं बगा. पयल्याचंबी असंच कळलं व्हतं."

मला पुढं विचारवलं नाही.

आता तो अंगणवाडीत जातो. सविताचा अधूनमधून फोन येतो. मध्यंतरी धीर करून विचारलं, "अजून कळतं का गं त्याचं?"

"न्हाई सिस्टर," ती म्हणाली. "अंगावरचं दूध तोडलं, तवापासून बंद झालं."

काय बंद झालं, ते तिला सांगता येत नाही. मलाही नाही.