पोत्यात गुंडाळलेलं अंजीर

ही हकीगत सांगायची मी आजवर टाळली. कुणी त्या माणसाचा विषय काढला की मी चहा मागवायचो, नाहीतर चपला शोधायला उठायचो. आता वय असं झालंय की टाळायलाही फारसे दिवस उरलेले नाहीत, म्हणून लिहितो. यात मी वाईट दिसेन. दिसायलाच हवा.

आधी त्या माणसाचा हात पाहा. पाचही बोटांची टोकं चिमटीसारखी एकत्र जुळवायची, हात हनुवटीसमोर धरायचा आणि मनगटातून वरखाली हलवायचा. नळाला पाणी आलं नाही की तो हात. एसटी चुकली की तोच हात. तोंडानं अवाक्षर नाही. याचा अर्थ काय, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "अर्थ कसला मास्तर? 'असं का?' म्हणायचं. दुसरं काय न्हाय." आमच्या कट्ट्यावर आम्ही त्या हाताची नक्कल करून हसायचो. सगळ्यात चांगली नक्कल मी करायचो.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाला एक बेकरी होती. तिच्या भट्टीवर तो नव्वद सालानंतर कधीतरी कामाला लागला. मूळचा नेसरीचा. पन्नाशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा. अंगात बनियन आणि डोक्यावर वर्तमानपत्राची घडी घालून केलेली टोपी. आल्या आल्या त्यानं सांगून टाकलं की आपण सतरा वर्षं अमेरिकेत होतो. त्या दिवसापासून त्याचं नाव 'अमेरिका' पडलं. "ए अमेरिका, दोन पाव दे," असं शाळेत जाणारी पोरंसुद्धा म्हणायची. ते नाव मी ठेवलं होतं.

मी इंग्रजीचा मास्तर. म्हणजे हायस्कुलात इंग्रजी शिकवणारा, बोलणारा नव्हे. तरी गल्लीत इंग्रजीचा शेवटचा शब्द माझाच होता. तेव्हा या अमेरिकेची परीक्षा घ्यायचं काम ओघानंच माझ्याकडे आलं. मी कट्ट्यावर सगळ्यांसमोर त्याला इंग्रजीत चार वाक्यं विचारली. मग तोच तो हात.

"सतरा वर्षं अमेरिकेत, आणि इंग्रजी येत नाही?" मी म्हणालो.

"थोडं येतंय की. पर लागतंय कुठं? आमच्या गल्लीत म्हातारी माणसं समदी इटलीची. त्यास्नी तरी कुठं येतंय?"

"इटलीची माणसं इटलीत असतात रे."

"तिथं खायाला नव्हतं मास्तर, म्हणून त्यांचं बापजादं बोटीनं आलं अमेरिकेला. माझ्यागतच. लोकं त्यास्नीबी हसायची म्हणं."

शेजारी बसलेले निवृत्त तलाठी आण्णा म्हणाले, "बघा, अमेरिकेत जाऊन गडी इटलीला पोचला!" कट्टा हसून फुटला. तोही आमच्याबरोबर हसला. आम्हाला वाटलं, थाप पकडली गेली म्हणून हसतोय. आम्ही किती मठ्ठ होतो ते आज कळतं. अमेरिका म्हणजे इंग्रजी, इंग्रजी म्हणजे मी, आणि ज्याला मी नापास केला तो अमेरिकेला गेलाच नाही, असा आमचा सरळ हिशेब होता.

त्याची गोष्ट अशी होती. जहाजावर भटारखान्यात होता, न्यूयॉर्कला उतरला तो परत चढलाच नाही. कागदपत्रं नाहीत. ब्रुकलिनमध्ये एका इटालियन बेकरीत भट्टीवर लागला. मालकाच्या विधवा आईनं घराच्या तळघरात त्याला ठेवून घेतलं. तिला तो नोन्ना म्हणायचा, म्हणजे आज्जी. नोन्ना रविवारी सकाळी टोमॅटोचा रस्सा चुलीवर चढवायची, तो दुपारी उतरायचा, आणि सगळं घर, त्यात हाही, एका टेबलाला बसायचं. ती वाढता वाढता म्हणायची, "मांज्या, मांज्या." म्हणजे खा. तो शब्द यानं इकडे आणला. भट्टी निवताना जाड रोटीवर टोमॅटो आणि लसूण घालून भाजायचा, तुकडे करून गल्लीत वाटायचा आणि म्हणायचा, "मांज्या!"

"भाकरीवर चटणी सांडली," आम्ही म्हणायचो, आणि दुसरा तुकडा उचलायचो.

पण सगळ्यात मोठा हशा झाला तो सासनकाठीवरून. चैत्रात जोतिबाची यात्रा होऊन गेली होती, देवापुढे नाचवतात त्या काठ्यांच्या उंचीच्या गप्पा कट्ट्यावर चालल्या होत्या. हा पाव पोचवायला आला होता तो थांबला.

"तिकडंबी असतीया. उन्हाळ्यात. आपल्या काठीपरास उंच, चार मजली घराएवढी. मधी बँडवाली बसत्यात आणि खालनं शंभर गडी खांद्यावर उचलत्यात. त्यांच्या गावच्या देवाची हाय. मीबी उचलायचो. हे बघा." आणि त्यानं बनियन सरकवून खांद्यावरचा घट्टा दाखवला.

"अमेरिकेत सासनकाठी!" आण्णा ओरडले. "गुलाल पण उधळत असतील नव्हं?"

"गुलाल न्हाय. कागद उधळत्यात," तो गंभीरपणे म्हणाला.

मी म्हणालो, "तो घट्टा मैद्याच्या पोत्यांचा आहे." त्यावर मात्र तो हसला नाही.

बेकरीच्या मागच्या अंगणात त्यानं अंजिराचं झाड लावलं होतं. नेसरीहून, आई शेवटच्या घटका मोजतेय अशी तार आली म्हणून तो देशात परतला. कागदपत्रं नसल्यामुळे आता पुन्हा जाता येणार नाही, हे त्याला माहीत होतं आणि नोन्नालाही. निघताना तिनं आपल्या अंगणातल्या झाडाची फांदी कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून त्याला दिली. तिच्या सासऱ्यानं इटलीतल्या गावाहून तशाच ओल्या फडक्यातून त्या झाडाची मूळ फांदी अमेरिकेला आणली होती. "फळ धरलं की कळव," एवढंच ती म्हणाली.

डिसेंबरातल्या एका रविवारी तो ते झाड पोत्यांनी गुंडाळायचा. फांद्या दोरीनं आवळायच्या, भोवती मैद्याची रिकामी पोती बांधायची आणि शेंड्यावर उपडी बादली घालायची. कोल्हापुरात! गल्ली बघायला जमायची.

"झाडाला सर्दी झाली काय रे?" मी विचारलं.

"तिकडं बर्फानं मरतंय, म्हणून बांधत्यात."

"इथं बर्फ कुठंय?"

"न्हाय की. मला ठावं हाय. पर या रविवारी नोन्ना बांधती. मग मीबी बांधतो. चार दिसांनी सोडतो." मग जरा लाजून म्हणाला, "तेवढंच एका टायमाला काम हुतंय दोघांचं."

हे ऐकून मी वरमलो असेन असं तुम्हाला वाटेल. नाही. मी घरी जाऊन बायकोला नक्कल करून दाखवली.

तिसऱ्या वर्षी झाडानं फळ धरलं. तो अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून माझ्याकडे आला. हातात मैद्याच्या पिशवीचा एक तुकडा. त्यावर नोन्नाच्या मुलीनं मोठ्या अक्षरात लिहिलेला पत्ता होता.

"मास्तर, इंग्रजीत एक पत्र लिवा. तिची पोरगी वाचून दावंल तिला."

त्यानं सांगितलं, मी लिहिलं. झाड लागलं. सात अंजिरं आली. पाच पाखरांनी खाल्ली, एक मी खाल्लं, एक नेसरीच्या देवाला ठेवलं. चव तीच हाय. तुझा गुडघा कसा हाय? मी बरा हाय. खाली त्यानं मराठीत सही केली आणि उत्तराला माझा पत्ता द्यायला लावला. पत्र पाकिटात घातलं, वर तो पत्ता उतरवला. पोस्ट आमच्या घरापासून दोन मिनिटांवर होतं. मी ते पाकीट माझ्या डिक्शनरीत ठेवून दिलं. जी बाईच नाही तिला पत्र कशाला?

मग दर शनिवारी तो दारात. "उत्तर आलं काय मास्तर?" सहा महिने. मला त्याचा कंटाळा आला, असं मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे मला त्याचा राग येत होता. इतका चिवट विश्वास खोट्या गोष्टीवर कोण ठेवतो? आणि तो खोटा नसला तर मी कोण ठरतो?

तेव्हा मी एक गंमत केली. कल्पना माझीच, आण्णांचा तीत दोष नाही. शाळेत एक सहकारी तिकिटं जमवायचे. त्यांच्याकडून अमेरिकेचं तिकीट लावलेलं जुनं पाकीट मागून घेतलं. शाळेच्या टाइपरायटरवर चार ओळी टाइप केल्या. शनिवारी कट्टा भरल्यावर त्याला हाक मारली. "ए अमेरिका, तुझं पत्र!"

तो पिठाचे हात बनियनला पुसत धावत आला. मी आधी इंग्रजीत वाचलं, ऐटीत. मग मराठीत सांगितलं.

"लिहिलंय, तुम्ही कोण ते आम्हाला ठाऊक नाही. या घरात असा कुणी माणूस कधीच राहत नव्हता. पुन्हा पत्र पाठवू नये."

मला वाटलं होतं तो चिडेल, थाप कबूल करेल, निदान भांडेल. सगळे हसायच्या तयारीत बसले होते. त्यानं पाकीट घेतलं, तिकिटाकडे पाहिलं, पाकिटाची दोनदा घडी घातली.

"म्हातारी झालीया," तो म्हणाला. "वय झालंय की. विसरली असंल."

आणि परत भट्टीवर गेला. कुणी हसलं नाही. आण्णांनी तंबाखू मळायला घेतली. मी म्हणालो, "बघितलं? थाप अंगाशी आली की असं होतं." मलाच ते पटलं नव्हतं, तरी म्हणालो.

त्या डिसेंबरात झाड बांधलं गेलं नाही. तो हात पुन्हा दिसला नाही. रोटीचे तुकडे वाटणं थांबलं. दोन वर्षांनी बेकरीवाल्यानं मोटारी लावायला अंगण मोकळं करायचं ठरवलं, तेव्हा झाड तुटलं. त्यानं एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि नेसरीला निघून गेला. निरोप द्यायला आम्ही कुणी गेलो नाही. पुढे शहरात पिझ्झाची दुकानं निघाली. तलाठी आण्णांनी नातवाचा वाढदिवस तिथं केला आणि भाकरीवर सांडलेली ती चटणी त्यांनी चाटून पुसून खाल्ली. मीही पंगतीत होतो.

दोन हजार सालानंतर माझा मुलगा नोकरीसाठी न्यूजर्सीला गेला. एका हिवाळ्यात त्यानं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. मी सोबत डिक्शनरी नेली, मिरवायला. तिथं माझं इंग्रजी कुणालाही कळेना. दुकानात पाव मागितला तर पोरगी "काय? काय?" करायची. डिक्शनरीतलं इंग्रजी तिथं बोलत नाहीत, हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं.

एका रविवारी मुलाबरोबर फिरायला निघालो होतो. एका घराच्या अंगणात एक म्हातारा काहीतरी उभं गुंडाळत होता. पोती, दोऱ्या, वर उपडी बादली. मी फुटपाथवरच थांबलो.

"अंजीर असणार, बाबा," मुलगा म्हणाला. "इकडचे जुने इटालियन लोक असं बांधतात. का, काय झालं?"

मी काही झालं नाही म्हणालो. त्या रात्री डिक्शनरी उघडली. पाकीट तिथंच होतं. पुढच्या रविवारी मुलाला ब्रुकलिनला गाडी न्यायला लावली. जुन्या ओळखीच्या माणसाचा निरोप द्यायचाय, एवढंच सांगितलं.

दार साठीच्या एका बाईनं उघडलं. मी त्याचं नाव घेतलं मात्र, तिनं माझे दोन्ही हात धरले. स्वयंपाकघरात नेलं. भिंतीवर एक फोटो होता. मागे चार मजली उंच रंगीत काठी, तिच्यावर बँडवाले, आणि पुढे गळ्यात टॉवेल घातलेला तो, घामाघूम, एका काळ्या कपड्यांतल्या म्हातारीच्या खांद्यावर हात टाकून. जमिनीवर कागदाचा खच. गुलाल नव्हता.

"फांदी लागली का?" तिनं विचारलं. मुलानं मराठीत सांगायच्या आधीच मला कळलं.

"लागली. फळही धरलं," मी म्हणालो.

तिनं डोळे पुसले. तिची आई, म्हणजे नोन्ना, जाऊन तीन वर्षं झाली होती. शेवटपर्यंत ती पोस्टमनला विचारायची.

मग मी ते पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं वरचा पत्ता वाचला. पाकीट उलटंसुलटं केलं. तिकीट नाही, शिक्का नाही, कागद कडेनं पिवळा पडलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं. पाचही बोटांची टोकं जुळवली, हात हनुवटीसमोर धरला आणि सावकाश वरखाली हलवला.

"बाबा, काय विचारतात त्या?" मुलानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

निघताना तिनं भिंतीवरचा फोटो उतरवून माझ्याकडे दिला. त्याला द्या म्हणाली.

कोल्हापूरला परतल्यावर आठवड्याभरात मी नेसरीच्या एसटीत बसलो. वाटेत एक वाक्य पाठ करत होतो, पोरं कविता पाठ करतात तसं. दाराशी अंजिराचं झाड होतं, छपराच्या वर गेलेलं. तो खाटेवर बसला होता, खांदे उतरलेले. मला बघून उठायची धडपड केली.

"या मास्तर, बसा. एवढ्या लांब कसं काय आलासा?"

"सहज," मी म्हणालो.

त्यानं कोल्हापूरची खबर विचारली, आण्णांची विचारली. मग मीच म्हणालो, "झाड मोठं झालं."

"व्हय. म्हातारीला कळवाय पायजे हुतं," तो म्हणाला. "पर तिला आता कुठलं आठवतंय!" तिच्यावर राग म्हणून नाही, ती म्हातारी झाली, एवढीच हळहळ.

माझा हात पिशवीत फोटोवर होता. फोटो काढला की बाकीचं सगळं काढावं लागणार होतं. तेवढ्यात त्यानं ताटलीत चार अंजिरं ठेवून माझ्यापुढे सरकवली आणि कितीतरी वर्षांनी तो शब्द उच्चारला.

"मांज्या, मास्तर."

मी चारही खाल्ली. "गोड आहेत," म्हणालो. साडेचारची गाडी होती, ती पकडली.

पुढच्या पावसाळ्यात तो गेला. फोटो माझ्या डिक्शनरीत आहे, पत्र होतं त्याच पानात. एसटीत पाठ केलेलं वाक्यही अजून जसंच्या तसं आठवतं: तिनं तुला कधीच नाकारलं नव्हतं रे, ते पत्र मी लिहिलं होतं, मला माफ कर.