बेबी म्हणजे बेबी नाही

फोन आला तेव्हा मी आर्वीहून सुटलेल्या एसटीत होते. बहिणीकडे दोन दिवस राहून परत निघाले होते, मांडीवर तिनं दिलेल्या संत्र्यांची पिशवी होती आणि शेजारच्या अनोळखी बाईशी सुनांच्या विषयावर माझं छान जमलं होतं. फोनवर आमच्या गल्लीतली सुनंदा होती. "मास्तरीनबाई, बेबीताई गेली." मी विचारलं, "कुठी गेली?" यात माझी काही चूक नव्हती. आमच्या गावच्या सरपंच बेबीताई सकाळच्या वेळी कुठं असतील याचा नेमच नसे. कधी देवळीला तहसीलमध्ये, कधी वर्ध्याला, नाहीतर नाचणगावला, कुणाची तरी मोडत आलेली सोयरीक सांधायला. "कुठी म्हंजे? गेली ना वं... चक्कीवर बसल्या बसल्या गेली." पुढचं मला ऐकूच आलं नाही. कंडक्टरनं विचारलं, "कोन गेलं, काकू?" मी नाव सांगितलं तर त्यानं हातातलं तिकिटाचं मशीन सीटवर ठेवून दिलं. "चक्कीवाल्या सरपंचबाई? अरे बापा! परवाच तं माह्यासंग भांडल्या, गाडी थांब्यावर काऊन नाई थांबवली म्हनून!" आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. भांडण आठवून ज्या बाईसाठी लोक रडावेत, अशी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

याला पाच आठवडे झाले. सरपंचाची जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक आलीच, आणि आमचं गाव असल्या बाबतीत उशीर करत नाही. तेराव्याच्या जेवणाच्या पंगतीतच कुजबुज सुरू झाली. मागच्या निवडणुकीत बेबीताईविरुद्ध हरलेल्या शेठानीबाईंना या वेळी बिनविरोध निवडून द्यायचं, हीच ताईला श्रद्धांजली, असं चार जाणत्या पुरुषांनी ठरवूनही टाकलं. किराणा दुकानवाले शेठ, म्हणजे शेठानीबाईंचे यजमान, त्यात अर्थातच पुढे. इकडे गल्लीतल्या बायका रोज माझ्या दारात. "तू उभी राह्य. बेबीताई तुलेच म्हनत होती." मी रोज नाही म्हणत होते. खरं सांगते, बिनविरोधचं ऐकून मला हायसं वाटलं होतं. चला, सुटले... असं वाटलं होतं. या लेखाला बसले तेही थोडं त्यातूनच. उभं राहण्यापेक्षा लिहिणं सोपं.

पण लिहायला लागले आणि ती निवडणूकच डोळ्यांपुढे उभी राहिली. काय दिवस होते ते! सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं आणि गावातले लोक रिवाजाप्रमाणे बायकांच्या नवऱ्यांना विचारत फिरू लागले. बेबीताईच्या नवऱ्यालाही विचारलं. हा माणूस वर्षात मोजकी वाक्यं बोलणारा. तो म्हणाला, "मले काऊन विचारता? उभं तिले राह्याचं हाये, तिले विचारा." एवढं बोलून तो शेताकडे निघून गेला. बेबीताई तेव्हा पिठानं पांढरी होऊन चक्कीच्या पट्ट्यापाशी उभी होती. पंचवीस वर्षं ती चक्की चालवत होती, गावातल्या झाडून सगळ्या घरांचे डबे तिच्याकडे यायचे, आणि डब्याबरोबर घरातली गोष्टही यायची. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "राहू का वं उभी, मंदा?" मी म्हटलं, राह्य. गावात मला सगळे मास्तरीनबाई म्हणतात, कारण माझे यजमान निवृत्त शाळामास्तर. मंदा म्हणणारी ती एकटीच.

छाननीच्या दिवशी आम्ही देवळीला गेलो. तहसीलच्या त्या लांबट खोलीत बाकड्यांवर सगळे उमेदवार आणि त्यांच्या बरोबरची माणसं. साहेबांनी पुकारलं, "प्रमिला... प्रमिला हजर आहेत का?" कोणीच उठेना. साहेबांनी पुन्हा पुकारलं. बेबीताई माझ्या कानाशी लागली, "कोन वं हे प्रमिला? बिचारीचा फॉर्म जाईन ना!" मी कोपरानं ढोसलं तिला. "अवं, तूच ते!" लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं हे नाव मतदार यादीत होतं, रेशनकार्डावर होतं, सही करताना तिचा हात ते लिहीतही असे, पण तिच्या कानाला त्या नावाची ओळखच नव्हती. धांदलीत उठून ती हजेरी देऊन आली, बसली, आणि लगेच साहेबांनी पुढचं नाव पुकारलं, "बेबी." बेबीताई सवयीनं ताडकन उभी राहिली. "हाव, मी!" आणि समोरच्या बाकड्यावरून शेठानीबाईही उभ्या राहिल्या. दोघी एकमेकींकडे बघतायत, साहेब दोघींकडे बघतायत... शेठानीबाईंचं नाव बेबी! सून होऊन आल्यापासून त्या गावाला शेठानीबाईच होत्या. त्यांना स्वतःचं एक नाव आहे, हे गावाला त्या दिवशी कळलं.

परतीच्या एसटीत बेबीताई पुलगाव येईपर्यंत हसत होती. मी मात्र मतदानाचा विचार करत होते. मी म्हटलं, "हासू नको. लोक मशीनवर बेबी पाहतीन अन् शेठानीबाईले मत देऊन येतीन!" तेव्हा कुठं तिचं हसू थांबलं. पुढे चिन्हं वेगळी मिळाली, तिला कपबशी, शेठानीबाईंना छत्री. ज्यांना वाचता येत नाही अशा म्हाताऱ्यांची मला काळजी नव्हती, त्या कपबशी बघून बटन दाबणार. काळजी होती ती चार बुकं शिकलेल्यांची. ते नाव वाचणार.

मग सुरू झाली आमची शाळा. चक्कीवर नियमच करून टाकला. डबा ठेवायच्या आधी म्हणायचं, "प्रमिला, कपबशी." जो म्हणणार नाही त्याचं दळण होणार नाही. पांडुरंगबुवा नावाचे एक हट्टी गृहस्थ डबा घेऊन तासभर उभे राहिले. "मी बेबीलेच मत देतो, मले शिकवू नोका." "बुवा, मीच बेबी, पन मशीनवर मी बेबी नाई." "मंग मशीनवर तू कोन?" "प्रमिला." "मंग बेबी कोन?" "शेठानीबाई." बुवांनी डबा उचलला आणि "घरी जाऊन इचार करतो" म्हणून निघून गेले. आमच्या मास्तरांनी जुना फळा काढून ओट्यावर लावला, त्यावर दोन नावं आणि दोन चित्रं काढली आणि संध्याकाळी गल्लीला धडा शिकवू लागले. घोषणा माझी होती. "बेबी म्हंजे बेबी नाई, प्रमिला म्हंजे बेबी!" बायका कपबश्या वाजवत गल्ल्यांतून फिरायच्या आणि ही घोषणा द्यायच्या. किती कप फुटले असतील! इतकी वर्षं घरात तोंड न उघडणाऱ्या बायका माझ्या पुढं ओरडत होत्या, आणि मला वाटत होतं, आता काही होवो, हे झालं ना, हेच पुष्कळ झालं. पण तसं नुसतं वाटत होतं. जिंकायचं तर होतंच.

शिकवणी जरा जास्तच झाली, हेही कबूल करायला हवं. मतदानाच्या दिवशी खुद्द शेठानीबाईंच्या सासूबाई बूथवरून बाहेर येऊन सांगू लागल्या, "कपबशीले दिलं बापा. बेबीले देऊ नोका, असं ते पोरी दिवसभर वरडत होत्या ना!" शेठजींचा चेहरा मी अजून विसरले नाही.

मतमोजणी देवळीलाच होती. दोरीच्या अलीकडे आमची गर्दी, आतून कोणी बाहेर आलं की सगळे त्याच्याकडे झेपावणार. पहिल्या वॉर्डात छत्री पुढे. दुसऱ्यात कपबशी. तिसऱ्याला बराच वेळ लागला. माझी नखं खाऊन संपली, सुनंदा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती, आणि बेबीताई? ती एका अनोळखी बाईला तिच्या घरकुलाचा अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा ते समजावून सांगत होती. मग आतून आरोळी आली. नऊ मतांनी! कपबशी नऊ मतांनी! मी इतक्या जोरात ओरडले की दुसऱ्या दिवशी आवाज बसला. गुलाल कोणी उधळला कळलं नाही. चक्कीच्या पिठानं पांढरी असणारी ती बाई त्या दिवशी डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी झाली होती, आणि मास्तर, आयुष्यात कधी न नाचलेले माझे मास्तर, छत्री मिटून ती हातात घेऊन नाचत होते. विरोधकाचं चिन्ह आहे याचं भान त्यांना नव्हतं.

सरपंच म्हणून ती काही देवी नव्हती. भाषण तिला जमायचं नाही. ग्रामसेवकाकडून प्रत्येक कागद तीनदा वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही, तो बिचारा घायकुतीला यायचा. राग आला की बोलायची नाही, पण त्या दिवशी तुमचं पीठ जाड दळून यायचं. माझं अनेकदा आलंय. पण पहिल्याच महिला ग्रामसभेत तिनं जे केलं ते मला मरेपर्यंत पुरेल. बायका नेहमीसारख्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. ती म्हणाली, "ठरावाच्या पयले एक काम. हरेक बाईनं उभं राहून आपलं नाव सांगा. कोनाची बायको, कोनाची माय, ते मले मालूम हाये. तुह्यं नाव सांग." आधी खिदळणं झालं. मग एकेक उठू लागली. एक म्हातारी उठली आणि तिला आठवेनाच. ती डोळे बारीक करून विचार करत राहिली, आणि एकदम म्हणाली, "गोदावरी! माय मले गोदी म्हने..." आणि पोरीसारखी लाजली. माझी पाळी आली तेव्हा मी, मास्तरांची बायको, शिकलेली, माझाच आवाज कापला. मंदा, म्हटलं. मला वाटतं त्या दिवशी आम्ही तिला खरी निवडून दिली.

तेव्हापासून ती माझ्या मागे लागली. "पुढच्या खेपेले तू." मी म्हणायचे, मला मागून काम करायला आवडतं. ती म्हणायची, "मांगून ढकलून गाडी सुरू होते. चालवाले कोनीतरी समोर बसा लागते ना." एकदा यावरून आमचं चांगलंच वाजलं. दोन आठवडे मी जाड पीठ खाल्लं, पण हो म्हटलं नाही.

आता चक्की तिचे यजमान चालवतात. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून दुपारी मी जाऊन बसते. काल दुपारी तिथंच होते. गर्दी नव्हती. दारात शेठानीबाई उभ्या राहिल्या, कडेवर गव्हाचा डबा घेऊन. त्या स्वतः डबा घेऊन आलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"तू फॉर्म भरून राह्यली का नाई?" त्यांनी सरळ विचारलं.

"मी कायले? तुमी तं बिनविरोध हाये ना."

"तेच तं!" त्यांनी डबा आदळला. "बिनविरोध झाली तं माह्यं बटन कोनीच दाबनार नाई. एकही मानूस नाई." मग त्या पोत्यावर बसल्या आणि पहिल्यांदाच सांगू लागल्या. "निकालाच्या दिवशी संध्याकायी बेबीताई माह्या घरी आलती. एकटीच. मी रडून राह्यलती. घरच्याईले वाटलं, हरली म्हनून रडते. तसं नव्हतं वं. मले मतं पडले, पन ते माह्ये होते का तिचे? ज्यानं बेबीचं बटन दाबलं, त्याच्या मनात कोन होतं? आजवर कोनी माह्या नावानं काई केलं नाई, अन् केलं तं तेही दुसऱ्या बेबीसाठी का काय... हे मी तिले म्हनलं. ते हासली नाई. म्हने, तुह्ये किती अन् माह्ये किती, मलेही मालूम नाई. पुढच्या खेपेले दोघी मिळून गावाले नावं शिकवू, अन् मंग नीट मोजू."

मी अडीच वर्षं त्या नऊ मतांचा अभिमान मिरवला, आणि आमच्यापासून चार घरांवर एक बाई अडीच वर्षं हा प्रश्न घेऊन बसली होती. बेबीताईला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं, गुलाल अंगावरून निघायच्या आत. मला शरम वाटली. आणि तिची आठवण दाटून आली.

शेठानीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "आता ते गेली. मी कोनासंग मोजू?"

"माह्यासंग," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं, आणि निघालं ते परत घ्यावंसं वाटलं नाही. शेठानीबाई हसल्या. "शेठ खवळतीन," म्हणाल्या. "खवळू द्या," मी म्हटलं, "पन माह्या सभेत मी सांगीन, छत्रीवालीचं नाव बेबी हाये. अन् तुमी तुमच्या सभेत माह्यं नाव सांगजा." त्यांनी मान डोलावली आणि गव्हाचा डबा माझ्यापुढे सरकवला.

हा लेख संपवून मी झोपेन आणि सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी एकाच सीटवर बसून देवळीला जाणार आहोत, एकमेकींविरुद्ध फॉर्म भरायला. मास्तर फळा पुसून बसलेत. बेबीताई, मला जिंकायचंय.