जकातदाराचा रोजचा खून

दणक्याची आणि माझी पहिली भेट झाली, त्या दिवशी त्याने मला ठार मारलं.

मी त्या जुन्या जकातघरात शिरलो होतो तो निव्वळ उन्हाला कंटाळून. दारावर ‘शहर संग्रहालय’ अशी पाटी होती. संग्रहालयात कुणी माणसाला हात लावत नाही, उलट माणसानेच कशाला हात लावायचा नसतो, एवढ्या भरवशावर मी आत पाऊल टाकलं. पुढच्याच क्षणी एका केसाळ पंजाने माझी कॉलर धरली. पंजामागे दंड होता, दंडामागे छाती होती, आणि छाती अशी की तिच्यामागे जे काही शहर होतं ते दिसेनासं झालं. “हाच तो,” असा आवाज झाला. खिडक्यांची तावदानं खडखडली, आढ्यावरची कबुतरं शेजारच्या गावी कायमची राहायला गेली, आणि मी जन्मापासूनचे सगळे गुन्हे कबूल करायच्या तयारीला लागलो. पण तेवढी सवड मिळाली नाही. पंजाने मला जिन्यावर फरफटत नेलं, काळा रंग दिलेला एक सोटा गुडघ्यांवर हाणला, मग जबड्यावर, मग टाळक्यात. मी घरंगळत खाली आलो. पाठीवर एक पाय पडला आणि समोरच्या मंडळींना सांगण्यात आलं, “इथे त्याचे दात सांडले.” मंडळी वाकून माझे दात शोधू लागली. मग टाळ्या पडल्या. त्याच पंजाने मला उभं केलं, माझा शर्ट झटकला, आणि बँकेतल्या कारकुनासारख्या मऊ आवाजात तो म्हणाला, “माफ करा हं. आमचं मयत चहाला गेलंय.”

सोटा हलक्या लाकडाचा होता, हे मला नंतर कळलं. गुडघ्यांना अजून कळलेलं नाही.

त्या शहराच्या नशिबी इतिहास असा एकच आला. बाकीची सगळी शतकं तिथल्या लोकांनी धान्य विकण्यात घालवली. संग्रहालयात फुटकी मडकी होती, कुणा नगराध्यक्षाची मोडकी खुर्ची होती, बंद पडलेली काही घड्याळं होती, पेंढा भरलेलं एक अस्वल होतं, त्याचा पेंढा कानातून बाहेर येत होता. यांतलं काहीही बघायला कुणी येत नसे. लोक यायचे ते खुनासाठी. फार पूर्वी या जकातघरात एक जकातदार होता. त्याची वजनं खोटी होती. एका सकाळी बाजारातल्या हमालांनी त्याला वरच्या खोलीतून ओढून काढलं, जिन्यावर आधी त्याचे गुडघे फोडले, मग जबडा, आणि शेवटी त्याच्याच मोठ्या तराजूच्या लोखंडी दांडीने डोकं. एवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून प्रेत पारड्यात टाकलं, दुसऱ्या पारड्यात त्याचीच खोटी वजनं टाकली, आणि तो कमी भरला म्हणून पुन्हा मारलं. मेलेल्या माणसाला कमी भरल्याबद्दल मारणारं दुसरं शहर माझ्या ऐकिवात नाही. तीच लोखंडी दांडी जिन्याशेजारच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवी ठेवलेली होती.

दणका मुळात मालधक्क्यावरचा मुकादम. संग्रहालयाच्या संचालिका बाईंनी त्याला पहारेकरी म्हणून घेतला. पण बाई माहिती सांगू लागल्या की लोक जांभया द्यायचे, आणि जांभई हा दणक्याला वैयक्तिक अपमान वाटायचा. एक दिवस बाई “संतप्त जमावाने” असं म्हणत असताना तो आपण होऊन संतापला, आणि त्या दिवसापासून माहिती सांगण्याचं काम त्याच्याकडे आलं. त्याचा स्वभावच मारक होता. तो डब्याचं झाकण उघडायचा ते जुनं वैर असल्यासारखा. साधं स्टूल सरकवायचं असेल तरी आधी त्याला लाथ बसायची. बायकोवर मात्र त्याने आवाजसुद्धा चढवला नाही, कारण ती त्याला मुळीच भीत नसे.

खुनाला मरणारा लागतो. तो घरातच होता. दणक्याच्या बायकोचा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. घड्याळं दुरुस्त करून घेण्याची पद्धत बंद पडली, तसं त्याचं दुकान बंद पडलं. मग त्याची स्वतःची बायको सोडून गेली, आणि तो बहिणीच्या घरी मागच्या खोलीत राहायला आला. काटकुळा, लांब मानेचा, कमालीचा सभ्य माणूस. दणक्याने त्याला जकातदार केला. आणि तो काय मरायचा. गुडघे मुडपायचे, मान हलकेच डावीकडे कलायची, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तो घडी घातलेल्या कपड्यासारखा नीट पडायचा. सगळं शहर त्याला ‘मयत’ म्हणू लागलं. टपरीवाला ओरडायचा, “मयताला साखर कमी.” पोस्टातल्या बाई म्हणायच्या, “मयत, इथे सही करा.” तो करायचा. त्याला या नावाचं काही वाटत नसे. वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं.

जमावाचा पुढारी म्हणून दणका जकातदाराला जिन्याच्या वरच्या टोकाला गुडघ्यांवर बसवायचा आणि त्याचे अपराध वाचून दाखवायचा. इतिहासात अपराध मोजकेच होते: खोटी वजनं, दुप्पट जकात, एका म्हाताऱ्याला दिलेली लाथ. एवढ्यावर दणक्याच्या फुप्फुसांचं भागेना. मग त्याने भर घालायला सुरुवात केली, आणि भर कुठून आणणार, तर घरून. सकाळी घरात जे खटकलं ते दुपारी इतिहासात जमा व्हायचं. “या जकातदाराने,” तो गरजायचा, “गोरगरिबांचं गरम पाणी एकट्याने संपवलं. आधीची बाटली संपायच्या आत मुरंब्याची नवी बाटली फोडली. ओला टॉवेल पलंगावर टाकला. हे सगळं खरं आहे, मंडळी. खरं आहे.” आणि मंडळी, दणक्याने आधीच पढवून ठेवल्याप्रमाणे, ओरडायची, “हाण.”

एकदा एका चौकस आजीबाईंनी विचारलं की त्या काळी मुरंबा बाटलीत मिळायचा का. दणका म्हणाला, जकातदारांना मिळायचा.

मार खाऊन पायाशी पडल्यावर मयत ओठ न हलवता उत्तर द्यायचा, “दाजी, पाणी ताईने संपवलं.”

“मेल्या माणसाने बोलू नये,” दणका वरून पुटपुटायचा आणि पाठीवरचा पाय जरा दाबायचा.

मी त्या जिन्यापाशी पुष्कळदा जाऊन उभा राहिलो, ते खरं म्हणजे या कुजबुजीसाठी. खुनापेक्षा ती रंगायची. पण मयताला ती रंगलेली वाटत नव्हती. चहाच्या टपरीवर त्याने माझ्यादेखत दणक्याला एकच विनंती केली होती. “मारा हवं तेवढं. पण घरातलं घरात ठेवा, दाजी. एवढंच.” दणका म्हणाला, लोक हसतात ना, मग झालं. मयत चहा संपवून मरायला गेला. रोज मरणाऱ्या माणसाचा स्वभाव तक्रारखोर राहत नाही, असा आमचा सगळ्यांचा समज होता.

पुढे जे झालं ते मला संचालिका बाईंनी सांगितलं, आणि नंतर ज्याने त्याने सांगितलं.

त्या आठवड्यात घरी बातमी आली होती की मयताच्या बायकोने दुसरं लग्न केलं होतं, आणि तिला मुलगा झाला. बातमी आणि तिचा अर्थ, दोन्ही जेवणाच्या टेबलावर चौथ्या माणसासारखे येऊन बसले आणि तिघं खाली मान घालून जेवत राहिली. दुसऱ्या दिवशी संग्रहालयात सेवानिवृत्त मंडळींची एक बस आली. ऊन होतं, मंडळी पेंगुळलेली होती. दणक्याने पाणी संपवलं, मुरंबा संपवला, टॉवेल टाकला, कुणी हूं की चूं केलं नाही. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थाने जांभई दिली.

त्या जांभईने घात केला.

“आणि याची बायको,” दणका म्हणाला, “याला सोडून का गेली, माहीत आहे? दुसऱ्याच्या घरी गेली आणि वर्षाच्या आत पाळणा हलला. म्हणजे मंडळी, खोट काय नुसत्या वजनांतच होती?”

मंडळी खदखदून हसली. जांभईवाला गृहस्थ तर शेजाऱ्याच्या खांद्यावर कोसळला.

मयत गुडघ्यांवर बसलेला होता, तो उभा राहिला. दोन पायऱ्या उतरला आणि भिंतीवरची खरी दांडी उचलली. साफसफाईच्या वेळी ती काढायला दोन माणसं लागायची. रागात ती एकट्याला झेपली. दणका लाकडी सोटा उगारून उभा होता आणि मयताच्या तोंडाकडे बघत होता, इतक्यात पहिला घाव गुडघ्यावर बसला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. दणका वाकला तसा दुसरा जबड्यावर. गुडघे, मग जबडा. इतकी वर्षं स्वतःच्या अंगावर गिरवलेला क्रम मयताने चुकवला नाही. दांडी जड आणि माणूस हलका, म्हणून जबडा जागेवर राहिला, पण मोडला. दणका जिन्यावरून गडगडत खाली आला, खांद्याचं हाड मोडून घेतलं, आणि रोज जिथे जकातदाराचे दात सांडतात तिथे त्याचे दात खरोखर सांडले.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“खरं आहे,” दणका रक्ताची गुळणी टाकत ओरडला. “मंडळी, खरं आहे.”

हे तो रोजच ओरडत असे. मंडळींनी आणखी टाळ्या वाजवल्या. कुणी पुढे होऊन फोटो काढला. एका बाईंनी शेजारणीला सांगितलं की सगळं छान आहे, पण रक्त जरा जास्त वाटतं. मयत खाली आला, दणक्याच्या डोक्याशी उभा राहिला आणि त्याने दांडी तिसऱ्यांदा उचलली. शिकवल्याप्रमाणे सगळी बस एका सुरात म्हणाली, “हाण.”

ते ऐकून मयत थांबला. त्याने मंडळींकडे पाहिलं. आजवर हा शब्द त्याने गुडघ्यांवर बसून, मान खाली घालूनच ऐकला होता. त्याने दांडी हळूच फरशीवर ठेवली, शेवटच्या पायरीवर बसला, आणि खिशातला रुमाल काढून दणक्याच्या तोंडाला लावला. बाई कचेरीतून आल्या, भिंतीवरच्या रिकाम्या खुंट्या बघितल्या आणि किंचाळल्या. मंडळींना ते सगळ्यात आवडलं.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा दणक्याचा जबडा तारेने बांधलेला होता. ज्या आवाजाने कबुतरांना गाव सोडायला लावलं, तो आता प्रेशर कुकरच्या शिटीइतका उरला होता. त्या शिटीतून तो मेव्हण्याचं काय काय करणार ते सांगत होता. जबाब दिला की तो आत. वर्षानुवर्षं आत. हात-पाय मोडून आत. पोलिसांनी मयताला चौकीत बसवून ठेवलं होतं; दणक्याच्या जबाबावर सगळं अवलंबून होतं. हल्ला म्हटला तर तुरुंग, अपघात म्हटला तर फार तर नोकरी गेली.

दणक्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दोन डबे घेऊन आल्या. “एक डबा इथे, एक चौकीत,” त्या मला म्हणाल्या. “सांगा भाऊजी, आधी कुठे जायला हवं होतं मी?” मग नवऱ्याकडे वळून त्यांनी विचारलं की मारण्याआधी काय बोलणं झालं होतं. दणक्याने तारांकडे बोट दाखवलं, बोलता येत नाही म्हणून. इतका वेळ बोलत होता.

“मला बसमधल्या बायकांनी सांगितलं,” वहिनी म्हणाल्या. “त्याची बायको का गेली, ते मी तुम्हाला सांगितलं होतं. घरात. दार लावून.”

एवढंच. त्यांनी डबा उघडला, पेज गाळून घेतली आणि नळीने त्याला पाजली. त्यानंतर दणक्याची शिटी बंद झाली. मी अर्धा तास बसलो होतो. भिंतीशिवाय त्याने कशाकडेही बघितलं नाही.

चौकशी जकातघरातच झाली, त्याच जिन्यापाशी. नगरपालिकेचे साहेब, बाई, एक फौजदार. मयत अस्वलाशेजारी उभा. साहेबांनी विचारलं, हल्ला की अपघात?

“अभिनय,” दणका तारेतून म्हणाला.

साहेबांनी पुन्हा विचारलं. दणक्याने सांगितलं की सगळं तालमीत ठरलेलं होतं. घाव जरा जोरात बसला, कलावंताच्या हातून होतं असं.

“म्हणजे जकातदाराने उठून हमालालाच मारलं, असा इतिहास आहे?”

“नवीन संशोधन आहे.”

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी छताकडे बघितलं. फौजदारांनी मयताला विचारलं, तुमचं म्हणणं काय?

“दाजी म्हणतात तसंच,” मयत म्हणाला. मग जरा थांबून, “पण माझा पाय सरकून घाव हुकायला हवा होता तालमीप्रमाणे. पाय सरकला नाही.”

“तुझा कधीच सरकत नाही,” दणका म्हणाला. “किती वेळा सांगितलं.”

तक्रार मिटली. मयत घरी आला, मागच्या खोलीत झोपला. साहेबांनी मात्र निकालात लिहिलं की घाव जर ठरवून घातलेला असेल, तर असा प्रयोग लोकांसमोर करणं धोक्याचं आहे, आणि तो कायमचा बंद करावा. दणका हल्ला म्हणाला असता तर प्रयोग चालू राहिला असता. नवा मयत शोधायचा, एवढंच. हे त्याला जबाब देण्याआधी बाईंनी सांगितलं होतं.

दणका आता तिकिटं फाडतो. मयत संग्रहालयातल्या घड्याळांना चावी देतो. जिन्यापाशी एक बटण बसवलं आहे. ते दाबलं की एका बाईच्या आवाजात खुनाची माहिती ऐकू येते. बटण बहुतेक वेळा बिघडलेलं असतं.