माजघरातलं उखळ

"दोन्ही कान," मॅडम म्हणाल्या. "सेन्सोरिन्यूरल हिअरिंग लॉस. म्हणजे आवाज कानात शिरतो, पण आतून मेंदूपर्यंत पोचत नाही. त्यातही प्रोफाउंड. जवळजवळ काहीच ऐकू येत नाही."

ठाण्याच्या इस्पितळात, कान तपासायच्या त्या बंद खोलीत माझी चार वर्षांची वशी मांडीवर बसून मॅडमच्या केसातल्या क्लिपकडे टक लावून बघत होती. औषधाने झोपवून, डोक्याला वायरी लावून तिची टेस्ट झाली होती. बेरा म्हणतात त्या टेस्टला. मूल काही सांगू शकत नसलं, तरी आवाज मेंदूपर्यंत जातो की नाही ते त्यात कळतं.

मी भांडायलाच उठले. "अहो, ऐकते ती! घरात भात कांडायला घेतलं की चटकन मान वळवते."

"तेव्हा ती कुठे बसलेली असते?"

"कुठे म्हणजे? खालीच, जमिनीवर."

"घरी गेलात की कडेवर घेऊन बघा," मॅडम म्हणाल्या.

डोळखांबच्या बाजूला आमचं गाव. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. घर शेणाने सारवलेलं, माजघरात जमिनीत पुरलेलं उखळ. घरी पोचल्यावर सासूबाईंच्या हातात मुसळ दिलं आणि वशीला पाठमोरी कडेवर घेतली. सासूबाईंनी असा घाव घातला की फळीवरची भांडी वाजली. वशी माझ्या मंगळसूत्राचे मणी चाळत राहिली. मग तिला खाली उभी केली. पुढच्या घावाला गर्रकन वळली.

सासूबाई मुसळ टाकून मटकन खाली बसल्या. "म्हंजे पोर पायान ऐकतं गो," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. मला संताप आला होता.

कारण वशी दीड वर्षाची असल्यापासून मी बोंबलत होते, हिला ऐकू येत नाय, हिला ऐकू येत नाय. तेव्हा सासूबाईच म्हणायच्या, "तुजा नवरा पन उशिराच बोलला. मुसळाला बघते का नाय? उगा पोरीला नावं ठेवू नको." म्हसा गावच्या जत्रेत पोपटवाल्याला गाठून, पोर बोलेल म्हणून पोपटाने टोचलेला पेरू आणला, तोही भरवला. पोरीने मिटक्या मारत खाल्ला. बोलली काय, कप्पाळ! शहापूरच्या एका डॉक्टरांनी तिच्यासमोर टाळी वाजवली, तिने पापणी मिटली, झाली तपासणी. अहो, डोळ्यापुढे हात आपटला तर पापणी कोणाचीही मिटेल!

तुमच्या घरात असं मूल असेल तर एवढंच ऐका माझं. जमिनीवरून उचला, मागून आवाज करा, आणि शंका आली की गावाचं ऐकत बसू नका. माझी वर्षं गेली ती गेली.

मग ऐकायचं मशीन आलं. छातीवर पट्ट्याने बांधायचं, त्यातून कानापर्यंत वायरी. घामाने बंद पडायचं, नाहीतर शिट्टी मारायचं. मॅडम म्हणायच्या, "सवय लावा, दिवसभर घालायला लावा." लावा म्हणे! मी भात लावू की हिच्या मागे फिरू? एकदा मशीन सापडेना म्हणून घर पालथं घातलं, तर बाईसाहेबांनी ते बकरीच्या गळ्यात बांधलेलं. सासूबाई हसून लोटपोट. मी बकरीच्या मागे धावतेय आणि वशी ओटीवर उभी राहून माझ्या धावण्याची नक्कल करतेय.

नक्कल मात्र बघण्यासारखी करायची, अगदी नजर लागेल अशी. सासूबाई मशेरी कशी लावतात, कंडक्टर घंटीची दोरी कशी ओढतो, मॅडम चष्म्यावरून कशा बघतात, सगळं हुबेहूब. कोणी शिकवलं नव्हतं. तिचा धाकटा भाऊ गणू म्हणजे नुसता तोंडाचा पट्टा, पण दोघांनी मिळून हातांची एक बोली काढली होती. कान ओढला की डॉक्टर, दंडावर बोटं नाचवली की पाऊस. मी रागाने कपाळावर हात मारून घ्यायचे, तर कपाळावर हात म्हणजे आई! मला हसावं की रडावं कळेना.

आणि मुसळाचं गणूने हेरलं. ताई मागच्या पडवीत असली की हा तीन वर्षांचा टिल्लू ओरडायचा नाही, उखळाशी मुसळ आपटायचा. ती धावत यायची. मग तीही शिकली. मी चुलीशी पाठमोरी असले की जमिनीवर दोन थापा मारायची. मी वळेपर्यंत मारायची.

पण मला "आई" ऐकायचं होतं. महिन्यातून एकदा ठाण्याला नेऊन स्पीच थेरपी चालली होती, म्हणजे ओठ बघून, गळ्याला हात लावून बोलायला शिकवायचं. "आ" यायचा, पुढचं काही येत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "उशीर झालाय. धीर धरा." उशीर झालाय हे मला सांगता?

दोन हजार साल उलटलं, तेव्हा घर पक्कं करायला काढलं. यांना सगळीकडे लादी हवी होती. मलाही हवी होती, खोटं कशाला बोलू? सारवून कंबर मोडते. गवंडी पहार घेऊन उखळ उपटायला माजघरात शिरला.

वशी आडवी गेली. दहाएक वर्षांची घोडी, सरळ उखळात पाय घालून बसली. हे ओरडले, "उठ गो!" आणि मग आपलं आपल्यालाच आठवून गप्प झाले. तिने माझ्याकडे बघितलं. मी समोरच उभी होते, बघतही होते तिच्याकडे, तरी तिने जमिनीवर दोन थापा मारल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. ती मला हाक मारत होती. वर्षानुवर्षं, दिवसातून किती वेळा हाक मारत होती, आणि मी आपली तिच्या तोंडाकडे बघत बसले होते.

गवंड्याला म्हटलं, "दादा, बाकीच्या घरात घाला लादी. माजघर राहू दे, उखळासकट."

बाया अजून विचारतात, एवढं पक्कं घर आणि ही एक खोली मातीची कशाला? मी दर आठवड्याला कुरकुरत सारवते. मागून दोन थापा येतात आणि मी म्हणते, "आले गो!"